ब्रेक ऑइल पिणारा रिरी यक

रविवारी सकाळी रंबोडच्या घाटात नेल्सन बासच्या गॅरेजपुढे जी गर्दी लोटली होती, ती पाहून कुणालाही वाटले असते की बुद्धाच्या दंतधातूची मिरवणूक यंदा कँडी सोडून इकडेच येणार आहे. बाजाराला निघालेल्या बायका पिशव्यांसकट थांबल्या होत्या. बसचा कंडक्टर बस सोडून आला होता. त्याला शोधायला आलेले उतारू तिथेच रमले होते. गर्दीच्या मधोमध विमलसिरीची म्हातारी व्हॅन नवरीसारखी नटून उभी होती. चारही चाकांखाली लिंबू, आरशाला गाठी मारलेला पांढरा दोरा आणि टपावर नारळाचा तुरा.

व्हॅनच्या समोर पांढरे सारोंग नेसलेले, कमरेला लाल पट्टा बांधलेले मांत्रिक, पियतिस्स गुरुन्नान्से, उभे होते. एका हातात अडकित्ता, दुसऱ्या हातात लिंबू. अडकित्ता मिटला की लिंबाचे दोन तुकडे पाण्याच्या परातीत पडत, आणि गुरुन्नान्से त्या तुकड्यांकडे असे काही दचकून बघत की पुढच्या रांगेतल्या बायका आपोआप मागे सरत.

"आत बघा!" ते गरजले. "तो पिवळा डोळा दिसतोय?"

सगळ्यांनी काचेतून आत माना घातल्या. चावी फिरवलेली होती आणि स्टिअरिंगमागे एक पिवळा दिवा जळत होता. दिव्यावर तीन इंग्रजी अक्षरे होती, ए, बी आणि एस.

"हा रिरी यकाचा डोळा! रक्त पिणारा राक्षस! माणसाच्या अंगात रक्त, तसं गाडीच्या अंगात ब्रेक ऑइल. रोज रात्री हा खाली येतो, गाडीला तोंड लावतो आणि पितो. सकाळी खाली ओला डाग दिसतो की नाही?"

"दिसतो!" विमलसिरी कळवळून म्हणाला.

"ती त्याची लाळ!"

गर्दीने श्वास रोखला. मागे उभ्या असलेल्या पद्मकांती टीचरनी कपाळाला हात लावला. विमलसिरी त्यांचा मल्ली, म्हणजे धाकटा भाऊ. याच व्हॅनमधून तो घाटावरची मुले खालच्या शाळेत नेई, आणि त्याच्या शेजारच्या सीटवर बसून टीचरही रोज त्याच शाळेत विज्ञान शिकवायला जात. ज्याच्या बहिणीने अर्ध्या गावाला विज्ञान शिकवले, त्याच्याच गाडीला यक लागावा! देव जिभेला हाड देत नाही ते बरे, नाहीतर ती चावून धरताना टीचरचे तेवढ्यात मोडले असते.

व्हॅनला काय झाले होते हे गूढ मुळीच नव्हते. बॉनेटखाली मूठभर आकाराचे एक धातूचे खोके असते. त्यात नळ्या येतात आणि त्यातून नळ्या जातात. ओल्या रस्त्यावर जोरात ब्रेक दाबला तरी चाके जाम होऊन गाडी घसरू नये, हे त्याचे काम. वयोमानाने ते खोके पाझरू लागले होते. तेल कमी झाले की दिवा लागे. गंपोळ्याच्या फिटरने एका नजरेत सांगितले होते, "खोकं गेलंय. कोलंबोहून दुसरं मागवावं लागेल. तोवर या गाडीत मुलं बसवू नका." पण खोके यायला तीन-चार आठवडे लागणार होते, आणि तेवढ्यात खालच्या आळीतला दुसरा व्हॅनवाला आपली सगळी मुले पळवणार, या भीतीने विमलसिरीची झोप उडाली होती. म्हणून तो नेल्सन बासकडे गेला. नेल्सनने बॉनेट उघडले, मिटले आणि आभाळाकडे बोट दाखवले. "हे माझ्या पान्याचं काम नाही, मल्ली. हे वरचं आहे. माझे मेहुणे गुरुन्नान्से आहेत, ते बघतील." बुडत्याला काडीचा आधार हवा असतो. इथे काडीही मेहुण्यांचीच निघाली.

"आता पाठ फिरवा!" गुरुन्नान्सेंनी हुकूम सोडला. "सगळ्यांनी! यक बाहेर पडताना ज्याची नजर त्याच्यावर पडेल, त्याच्या मानगुटीवर तो बसेल. मग मला दोष देऊ नका."

सगळ्यांनी पाठ फिरवली. पोलीस सार्जंटनेसुद्धा फिरवली. व्हॅनवर एक भलीमोठी पांढरी चादर टाकण्यात आली आणि आत राळेचे धुपाटणे घेऊन नेल्सन बास शिरला. त्याच्या दंडाला म्हणे खास ताईत होता, म्हणून यक त्याला काही करणार नव्हता. टीचर पाठ फिरवायला तयार नव्हत्या, पण भावाने असे काही केविलवाणे पाहिले की त्यांनीही मुकाट्याने चहाच्या झुडपांकडे तोंड केले. मागे मंत्र चालू होते, राळेचा धूर येत होता, ढोलकी बडवली जात होती. एवढा गोंगाट कशाला, हा प्रश्न त्यांच्या मनात येऊन गेला. त्याचे उत्तर मात्र त्या घडीला सुचले नाही.

बऱ्याच वेळाने चादर निघाली.

"चावी फिरव!"

विमलसिरीने चावी फिरवली. पिवळा डोळा मिटलेला होता.

"साधु! साधु! साधु!" घाट दुमदुमला. विमलसिरी गुरुन्नान्सेंच्या पायांवर आडवा झाला. मग गुरुन्नान्सेंनी एका कुपीतले मंतरलेले तेल ब्रेक ऑइलच्या पांढऱ्या डबीत काठोकाठ ओतले आणि उरलेले घरी दिव्यापाशी ठेवायला दिले. दुसऱ्या दिवशी सकाळी व्हॅनखाली डाग नव्हता. तिसऱ्या दिवशीही नव्हता.

मग काय विचारता! यकाला हाकलण्यासाठी रांग लागली. सुमनदासची भाजीची लॉरी आली, बसमालक आला, दोन ट्रॅक्टर आले. ज्यांच्या डॅशबोर्डवर असला दिवाच नव्हता असे तीनचाकीवालेसुद्धा आले. त्यांना गुरुन्नान्सेंनी सांगितले, "तुमचा यक आंधळा आहे. तो जास्त वाईट." तेही लिंबे कापून गेले.

यक उतरवल्याच्या दुसऱ्याच दिवशी, सोमवारी सकाळी, टीचर नेहमीप्रमाणे पुढच्या सीटवर बसल्या होत्या. मागे मुले वडे खात, भांडत, ओरडत होती. विमलसिरीने चावी फिरवली आणि टीचरच्या भुवया वर गेल्या.

"मल्ली, चावी बंद कर. पुन्हा फिरव."

"का गं अक्का?"

"फिरव म्हणते ना."

त्याने फिरवली. तेलाचा लाल दिवा लागला. बॅटरीचा लागला. हँडब्रेकचा लागला. इंजिन सुरू झाल्यावर एकेक विझत गेले.

"बघितलंस? गाडी आधी हजेरी घेते. प्रत्येक दिवा उभा राहून 'हजर' म्हणतो आणि खाली बसतो. तुझा पिवळा उभाच राहिला नाही. आधी, गाडी ठणठणीत होती तेव्हासुद्धा, तो रोज लागून विझायचा. इतकी वर्षं मी इथेच बसत्येय."

"गुरुन्नान्सेंनी तो कायमचा मिटवलाय."

"माझ्या वर्गात हजेरीला जो 'हजर' म्हणत नाही, त्याच्यापुढे मी 'बरा झाला' असं लिहीत नाही. गैरहजर लिहिते."

विमलसिरी चिडला. "डाग बंद झाला तो? तोही गैरहजर का? तुला ना अक्का, कुणाचं चांगलं झालेलं बघवतच नाही!"

हा टोमणा टीचरना लागला. त्याचे कारण, डागाचे उत्तर त्यांच्यापाशी नव्हते. दिवा माणूस काढू शकतो, पण गळती कशी थांबली?

गुरुवारी विमलसिरी शीळ घालतच आला. "ब्रेक कसले घट्ट झालेत, अक्का! पाय नुसता टेकवला की गाडी उभी!" घाट उतरताना मागून एका मुलीने नाक दाबले. "टीचर, काहीतरी जळतंय." शाळेच्या फाटकाशी टीचरनी खाली उतरून पुढच्या चाकाजवळ हात नेला आणि चटकन मागे घेतला. चाकाचा गाभा तव्यासारखा तापला होता. म्हणजे ब्रेक घट्ट लागत होते असे नव्हे. पाय काढला तरी ते सुटतच नव्हते.

त्या दुपारी टीचरनी भावाच्या हत्यारांच्या पेटीतून ब्रेकच्या दोन नव्या रबरी टोप्या घेतल्या, आणि भावजयीच्या देवघरातून ती कुपीही उचलली. तेल हुंगले. वरून चंदनाचा वास आणि खाली शिवणयंत्रात घालतात त्या तेलाचा. प्रयोगशाळेत त्यांनी दोन बरण्या मांडल्या. एकीत ब्रेक ऑइल, दुसरीत मंत्र. दोन्हींत एकेक टोपी टाकली. शनिवारी ब्रेक ऑइलमधली टोपी होती तशीच निघाली. मंत्रातली भिजवलेल्या हरभऱ्यासारखी टम्म फुगली होती. बोटाने दाबताच तिच्या कडेचा लगदा सुटला.

टीचर ती बरणी घेऊन स्टुलावर बसल्या. आता सगळे लख्ख दिसत होते. ब्रेकचे रबर ब्रेक ऑइललाच मानवते. दुसरे तेल लागले की ते फुगते. फुगलेल्या रबराने गळणारी फट दोन दिवस बुजवली आणि लोकांनी साधु साधु केले. तेच रबर पुढे ब्रेक सुटू देत नव्हते, आणि आणखी काही दिवसांनी सडून तुटणार होते. मग पाय दाबला तर खाली जाईल आणि गाडी मात्र थांबणार नाही. रंबोडच्या घाटात, वळणावर, मुलांसकट.

आणि दुसऱ्याच दिवशी शाळेची पेरादेणियाच्या बागेची सहल याच व्हॅनमधून जाणार होती.

त्या तडक भावाच्या घरी गेल्या आणि टोपी त्याच्या हातावर ठेवली. विमलसिरीने ती पाहिली आणि नजर चुकवली.

"उद्या गुरुन्नान्से स्वतः गाडीला आशीर्वाद द्यायला येणार आहेत. सगळे पालक बघायला येतील. तू तिथं तोंड उघडलंस तर उद्यापासून माझ्या गाडीत कुत्रंसुद्धा बसणार नाही."

"मी तोंड उघडणार."

"अक्का, पाया पडतो."

"गुरुन्नान्सेंच्या पडलास तेवढं पुरे झालं," टीचर म्हणाल्या, पण घरी येईपर्यंत त्यांना रडू फुटले. भावाचे पोट त्या व्हॅनवर होते, हे त्यांच्याइतके कुणाला ठाऊक होते?

रविवारी गर्दी दुप्पट होती. मुले नवे कपडे घालून व्हॅनमध्ये बसलेली, आया खिडकीतून किरीबातचे, दूधभाताचे, डबे आत देत होत्या. गुरुन्नान्सेंनी पहिले लिंबू उचलले, तेवढ्यात टीचर व्हॅनच्या नाकासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"मुलांनो, खाली उतरा."

क्षणभर कुणाला कळेना. मग आयांनी कल्ला केला. गुरुन्नान्से हसले. "बाई, तुमच्या विज्ञानाच्या पुस्तकात यक नसतो."

"नसतो. पण स्क्रू असतो." टीचर गर्दीकडे वळल्या. "ज्यांच्या गाडीतला डोळा गुरुन्नान्सेंनी मिटवलाय त्यांनी हात वर करा. सुमनदास, जा, लॉरीची चावी फिरवून ये. बसमालक, तुम्हीही. पिवळा दिवा क्षणभर तरी लागतो का, ते बघा. आणि ज्यांच्या गाड्यांना अजून यक लागला नाही त्यांनीही बघा."

रस्त्यावर दहा-बारा गाड्या उभ्या होत्या. माणसे पळाली. आशीर्वाद न मिळालेल्या एका गाडीतून आवाज आला, "आमचा लागला! आणि विझला!" दुसरीतून तेच. सुमनदास लॉरीतून उतरला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता. "माझा लागतच नाही." बसमालकाचाही लागला नाही.

"मग? डोळा मिटला म्हणजे मिटला!" गुरुन्नान्से ओरडले.

"मिटलेला डोळा सकाळी उघडतो. काढलेला उघडत नाही. मल्ली, स्क्रू-ड्रायव्हर घे."

विमलसिरी जागचा हलला नाही. त्याने बहिणीकडे पाहिले, मग व्हॅनमधल्या मुलांकडे पाहिले. शेवटच्या बाकावर त्याची स्वतःची मुलगी डबा मांडीवर घेऊन बसली होती. तो आत शिरला. स्टिअरिंगमागची काट्यांची नि दिव्यांची पट्टी त्याने सोडवली आणि उलटी करून सगळ्यांना दाखवली. मागे दिव्यांची रांग होती. पिवळ्याच्या जागी रिकामे भोक होते. बल्ब कुणीतरी काढून नेला होता.

नेल्सन बास गॅरेजच्या आत जाऊ लागला. सार्जंटने त्याची कॉलर धरली.

"यकाने जाताना नेला असेल!" गुरुन्नान्सेंनी शेवटचा प्रयत्न केला.

"आणि स्क्रू परत लावून गेला?" मागून कंडक्टर ओरडला. "मोठा नीटनेटका यक!"

गर्दी खो-खो हसली. आठवड्यापूर्वी हीच गर्दी पाठ फिरवून थरथरत उभी होती, हे ती तेवढ्यात विसरली होती. लोकांना हसायलाही कुणीतरी सुरुवात करून द्यावी लागते.

टीचर मात्र हसल्या नाहीत. "दिव्याचं सोडा. तेलाचं बघा." त्यांनी बॉनेट उचलायला लावले आणि ब्रेक ऑइलच्या डबीचे झाकण उघडले. झाकणाच्या आतली रबरी चकती फुगून लोंबत बाहेर आली. "ही परत बसवून दाखवा, गुरुन्नान्से. मंत्र म्हणून बसवा, हवं तर हातोडीने बसवा."

ती बसली नाही. विमलसिरीने करून पाहिले, सार्जंटने पाहिले. चकती झाकणात मावेचना.

"झाकणाचं रबर असं झालंय, तर आतल्या रबरांचं काय झालं असेल? हाच तुमचा चमत्कार. याच्याच जोरावर ही पोरं आज घाट उतरणार होती."

एका आईने खिडकीतून हात घालून आपल्या मुलाला ओढून घेतले. मग सगळ्याच पुढे सरसावल्या.

फणसाच्या झाडाखाली गुरुन्नान्सेंची स्वतःची गाडी उभी होती. ते तिकडे निघाले होते. पण कंडक्टर आधीच पोचला होता. त्याने दार उघडून आतच लटकणारी चावी फिरवली. पिवळा दिवा लागला आणि विझला. बॉनेट उघडले. डबीतले ब्रेक ऑइल स्वच्छ, मधासारख्या रंगाचे होते.

"तुमच्या गाडीत मंत्राचं तेल का नाही हो?"

"माझ्या गाडीला यक शिवत नाही!"

"मग गंपोळ्याच्या फिटरकडे ब्रेक ऑइल बदलायला कशाला जाता? आमची बस त्याच्याच दारात थांबते. गेल्या महिन्यात मीच तुम्हाला बघितलंय!"

गुरुन्नान्से गाडीत बसले आणि चांगल्या ब्रेकांच्या भरवशावर, वळणावर व्यवस्थित वेग कमी करत, निघून गेले. सार्जंट नेल्सनला घेऊन ठाण्याकडे चालू लागला.

कंडक्टरच्या बसला मंत्राचे तेल लागले नव्हते, म्हणून मुले तिनेच पेरादेणियाला गेली. गर्दी पांगली. विमलसिरी व्हॅनच्या पायरीवर डोके धरून बसला होता. टीचर त्याच्या शेजारी बसल्या.

"अक्का, मला ठाऊक होतं," तो हळूच म्हणाला. "सोमवारी तू हजेरीचं बोललीस तेव्हाच. पण डाग दिसत नव्हता ना. मला तेवढंच हवं होतं."

टीचरनी त्याच्या पाठीवर जोरात एक धपाटा घातला. नंतर तोच हात तिथेच ठेवला.

मंतरलेले तेल नळी न् नळीत शिरले होते. गंपोळ्याच्या फिटरने शिव्या देत सगळे ब्रेक उघडले, प्रत्येक रबर फेकले, नळ्या धुतल्या आणि कोलंबोहून आलेले खोके बसवले. विमलसिरीची निम्मी मुले दुसऱ्या व्हॅनमध्ये गेली. त्यातली सगळी अजून परतली नाहीत. खरे सांगणाऱ्याला बक्षीस मिळते, असे मुलांना शिकवताना टीचर हल्ली जरा अडखळतात.

आणि इतके होऊनही लोक सुधारले म्हणाल, तर नाव नको. महिन्याभराने सुमनदास शाळेच्या फाटकाशी आला. लॉरी दुरुस्त झाली होती, नवा बल्ब बसला होता, पण गडी काळवंडला होता.

"टीचर, गाडी परत पाझरायला लागलीय. दिवा लागलाय. रात्रभर झोप लागत नाही. पलीकडच्या गावात एक नवीन गुरुन्नान्से आलेत म्हणे. नुसता दिवा तेवढा मिटवून घेतो. मनाला शांती."

"सुमनदास, तो दिवा कशाला असतो?"

"कशाला?"

"तुला झोप लागू नये म्हणून."

सुमनदासने खिशातली चावी चाचपली.

"तुझं लेकरू तापलं तर त्याच्या कपाळावरचा हात काढून घेतलास म्हणजे ताप गेला का? जो तुला घाबरवतो तो प्रत्येक जण वैरी नसतो, आणि जो पाठ फिरवायला सांगतो तो तुझा देव नसतो. चमत्कार दाखवणारा 'पाठ फिरवा' म्हणाला की त्याच क्षणी वळून बघावं, एवढीच माझी सगळी शिकवण. आता गाडी इथंच ठेव आणि बसने जा."

सुमनदासने लॉरीकडे पाहिले, घाटाच्या उताराकडे पाहिले. मग खिशातून चावी काढून टीचरच्या हातावर ठेवली आणि बसथांब्याकडे चालू लागला.